भाकरी बंद केली, पण त्या जागी ताटात काय आलं?

तासगावकडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. त्यांचे मिस्टर ४७ वर्षांचे, द्राक्षबाग आहे, वजन ८४ किलो, शुगर निघून चार वर्षं झालीत, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी दोन वेळा आणि सकाळी बीपीची एक. मोबाईलवर बघून त्यांनी गेल्या महिन्यापासून लो-कार्ब सुरू केलंय, म्हणजे भाकरी, चपाती, भात, डाळ सगळं बंद आणि पनीर, तूप, शेंगदाणे, बदाम पाहिजे तेवढे. पहिल्या बारा दिवसांत चार किलो उतरले, घरात सगळे खूष, मग काटा जागचा हलेना, गावच्या जत्रेत एक दिवस सगळ्यांबरोबर जेवले तर दोन किलो परत आले, आणि आता सकाळी अकरा-बाराच्या सुमारास बागेत औषध मारताना चक्कर येते, हातपाय थरथरतात. सासूबाई म्हणतात, "पोटात भाकरी न्हाई तर ताकद कुठनं येणार?" ताई विचारतात की हे डाएट खरं का सगळी फसवणूक, आणि सासूबाईंनाही शुगर आहे तर त्यांनाही हेच सुरू करायचं का.

ताई, मी सांगली-मिरजेत बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि तुमच्यासारखा प्रश्न आता आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. डाएट चांगलं का वाईट ते सविस्तर सांगते, पण आधी ती थरथर.

ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भाकरी आली का नाही हे ती गोळी बघत नाही, तिचं काम ती करत राहते. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डोस ठरवला तेव्हा मिस्टर दिवसाला चार भाकरी आणि भात खात होते, आता भाकरी गेली पण गोळी तेवढीच आहे. मग अकरा वाजता उन्हात पाठीवर पंप घेऊन काम करताना शुगर ७० च्या खाली गेली तर थरथर, घाम, डोळ्यापुढे अंधारी हे सगळं होणारच. अशा वेळी पहिलं काम म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्यायची, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघायचं, अजून कमीच असेल तर परत द्यायची, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खाऊ घालायचं. त्या वेळी "साखर कशी देऊ, शुगर आहे ना त्यांना" असा विचार करत बसायचं नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि गोळीचं काय करायचं ते आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, उद्यावर टाकू नका, स्वतःच्या मनाने बंदही करू नका. बीपीच्या गोळीबद्दलही विचारा, त्याचं कारण पुढे सांगते.

हे मी एवढ्या कळकळीने का सांगते त्यामागे माझी एक चूक आहे. प्रॅक्टिस सुरू करून दोनेक वर्षं झाली असतील, जतकडचे एक काका आले होते, शुगर खूप वाढलेली, दिवसाला सहा भाकरी खायचे. मी उत्साहात त्यांचा आहार तक्ता करून दिला, सहाच्या दोन भाकरी केल्या, काय खायचं काय नाही सगळं समजावलं, पण गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलंच नाही. पाचव्या दिवशी ते शेतात कोसळले. बांधावर त्यांचा पुतण्या होता, शेजारी गुऱ्हाळ चालू होतं, त्याने पळत जाऊन उसाचा रस आणून पाजला म्हणून वाचले. त्यांच्या गोळीत हेच औषध होतं. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगते, पट्ट्या बघितल्याशिवाय एक भाकरीसुद्धा कमी करत नाही. कार्ब्स, म्हणजे धान्य-साखरेतले पिष्टमय आणि गोड पदार्थ, कमी करणं हे शुगरवर औषधासारखं काम करतं, आणि लोकांना हेच माहीत नसतं, त्यांना वाटतं खाण्याने काय होतंय. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांना तर याहून जास्त धोका आहे.

याच ओघात अजून एका औषधाबद्दल सांगून ठेवते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांच्या गोळ्या आता खूप जणांना चालू असतात, त्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. चांगली औषधं आहेत, हृदयाला आणि किडनीला फायदा होतो, पण ही गोळी चालू असताना कार्ब्स अगदी तोडून टाकले तर शरीरात कीटोन्स, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे आंबट पदार्थ, धोक्याच्या पातळीला जाऊ शकतात, आणि मशीनवर शुगर फार वाढलेली दिसतच नाही म्हणून माणूस गाफील राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ सालीच याबद्दल इशारा दिलाय. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही झालं तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. एरवी लो-कार्बमध्ये जे थोडे कीटोन्स तयार होतात ते वेगळे, रक्तात लिटरमागे साधारण ०.५ ते ३ मिलिमोलपर्यंत, त्याने निरोगी माणसाला काही होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत दोन्ही बाजूंनी होते, कुणी उगाच घाबरतं आणि कुणी घाबरायला पाहिजे तिथे घाबरत नाही.

आता वजनाचं. बारा दिवसांत चार किलो, आणि एका जत्रेत दोन किलो परत, याने मिस्टर खचले असतील तर त्यांना सांगा की ते दोन किलो चरबीचे नव्हतेच, जातानाही नव्हते आणि येतानाही नव्हते. आपलं शरीर कार्ब्सचा साठा ग्लायकोजेन म्हणून करून ठेवतं, लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये तीन-चारशे ग्रॅम किंवा थोडं जास्त. आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब्स बंद झाले की पहिल्या आठवड्यात हा साठा वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं, हिशोब केला तर दीड-दोन किलो इथेच झाले. जत्रेत भात, पुरणपोळी पोटात गेली की टाकी परत भरली, पाणी परत आलं. म्हणजे चारातले दोन-एक किलो गेले असतील खरे, आणि ते वाईट नाहीत. पण बारा दिवसांत चार या वेगाने महिन्याला दहा किलो जातील हा जो हिशोब मनात बांधला जातो तोच घात करतो, कारण तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला की माणूस म्हणतो आता काम करत नाही आणि सोडून देतो, नाहीतर अजून कडक करतो.

चक्करचं दुसरं कारणही इथेच आहे. इन्सुलिन कमी झालं की किडनी मीठ जास्त बाहेर टाकते, त्याच्याबरोबर पाणीही जातं. म्हणून पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, उठलं की गरगरतं. वर बीपीची गोळी जुन्याच डोसची, मग बीपी अजून खाली. काही लोक सरळ मिठाचं पाणी प्यायला सांगतात, ते बीपीवाल्याने किंवा किडनीचा त्रास असलेल्याने मनाने करू नये. आधी आठवडाभर घरी बीपी मोजून डॉक्टरांना दाखवा. तोवर ताक प्या, पाणी भरपूर प्या.

आता मुख्य मुद्दा, जिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लो-कार्ब म्हणजे नो-कार्ब नव्हे. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कार्ब्स असतील तर त्याला साधारण लो-कार्ब म्हणतात, आणि २० ते ५० ग्रॅमच्या आत आणलं तर ते कीटो. कीटो मुळात वजनासाठी आलेलंच नाही, १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एपिलेप्सीच्या पेशंटसाठी ते सुचवलं गेलं, आणि आजही ज्या मुलांच्या फिट्स औषधाने थांबत नाहीत त्यांना ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. म्हणजे ते एक उपचार आहे, मोजूनमापून करायचं. मिस्टरांनी नकळत थेट तिथे उडी मारली, आणि शाकाहारी घरात ती उडी फारच अवघड, कारण आपलं प्रोटीन येतं डाळी-कडधान्यांतून आणि डाळीत प्रोटीनबरोबर कार्ब्सही येतात. मग डाळ बंद, उसळ बंद, पिठलं बंद, राहिलं काय तर पनीर आणि तूप.

तुम्ही आधीचं खाणं लिहिलंय त्याचा मी अंदाजे हिशोब केला. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६७-६८ ग्रॅम कार्ब्स असतात, आपल्याकडची भाकरी म्हणजे ६० ग्रॅम पीठ सहज, म्हणजे एका भाकरीत ४० ग्रॅम, चार भाकरींचे १६०. सकाळी पोह्यांची प्लेट ४५, दोन्ही वेळचा एकेक वाटी भात मिळून ६०, दिवसात तीन कप चहाला दोन-दोन चमचे साखर म्हणजे ३०, संध्याकाळी भडंग २५. हे झाले ३२०. आणि यात काही जगावेगळं नाही, आपल्या भागातल्या कुठल्याही घरात हेच ताट असतं. आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मोठ्या पाहणीचा आहाराबद्दलचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारतीय माणसाच्या रोजच्या कॅलरीपैकी सरासरी ६२ टक्के कार्ब्समधून येतात असं आलंय. २१०० कॅलरी धरल्या तर ६२ टक्के म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच, तुमच्या घरच्या हिशोबाला जुळतं बघा.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि मी ती रोज कुणाला ना कुणाला सांगते. पांढरा तांदूळ, मैदा काढून त्या जागी गहू नाहीतर ज्वारी-बाजरी-नाचणी घेतली, पण कार्ब्सचं एकूण प्रमाण तेवढंच राहिलं, तर डायबेटिसचा धोका काही कमी दिसला नाही. कार्ब्सचा थोडा भाग काढून तिथे डाळी-कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे यांतलं प्रोटीन आलं तेव्हा फरक दिसला. म्हणजे ताटातून काय काढलं यावर सगळे भांडतात, आणि त्या जागी काय आलं हे कुणी विचारत नाही.

यावरून आपल्या भागातला सगळ्यात लाडका गैरसमज, की भाकरी म्हणजे लो-कार्ब. "मॅडम, मी चपाती सोडली, आता फक्त भाकरी खातो, तरी शुगर उतरंना." अहो ज्वारीत ६७-६८, बाजरीत ६२, कणकेत ६४, नाचणीत ६७, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे हे आकडे आहेत, तुम्हीच सांगा कुठे आहे फरक. तांदळात ७८ आहेत आणि फायबर फारच कमी, म्हणून भातापेक्षा भाकरी बरी हे खरं, चावून खावी लागते, पोट भरतं, फायबर मिळतं, शुगर जरा सावकाश वाढते. पण तीन भाकरी खाऊन ते लो-कार्ब होत नाही. खपली गव्हाचंही तसंच, आपल्या सांगली-साताऱ्याचा खपली चांगलाच, चवीला तर काय विचारूच नका, पण शेवटी तो गहूच आहे. आणि गुळाचा चहा! साखर सोडून गूळ घेतला की लोकांना वाटतं सुटलो, गुळात शंभराला ८५ ग्रॅम साखरच असते. बेदाण्याचं तर तुमच्या घरचं पीक, येता-जाता शेडमध्ये मूठभर तोंडात टाकायची सवय असते, बेदाण्यात शंभराला जवळपास ८० ग्रॅम कार्ब्स आहेत आणि ते बहुतेक साखरेचेच. नैसर्गिक आहे म्हणून स्वादुपिंड सूट देत नाही. मिस्टर भाकरी सोडून बेदाणे खात असतील तर आधी ते बघा, मला शंका आहे.

उपवासाचं पण सांगून टाकते. संकष्टीला दिवसभर काही खाल्लं नाही, फक्त साबुदाण्याची खिचडी, असं सांगतात. ७५ ग्रॅम साबुदाणा घेतला तर ६५ ग्रॅम कार्ब्स, म्हणजे दीड भाकरीच्या वर, आणि भाकरीत निदान प्रोटीन आणि फायबर तरी असतं, साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च. वर बटाटा, आणि चंद्रोदयानंतर मोदक. उपवास सोडा असं मी कुणालाच म्हणत नाही, श्रद्धेचा विषय आहे, पण त्या दिवशी दही, ताक, राजगिऱ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत, दूध, थोडे दाणे असं करता येतं. ग्लिमेपिराइडवाल्याने उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं.

दुसरा मोठा गैरसमज तुपाचा. कार्ब्स नाहीत म्हणजे पाहिजे तेवढं खा. एक ग्रॅम कार्ब्समध्ये ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रोटीनमध्ये ४ आणि एक ग्रॅम फॅटमध्ये ९. सकाळी कॉफीत दोन मोठे चमचे तूप घातलं की २७० कॅलरी तिथेच झाल्या. शेंगदाणे शंभर ग्रॅम म्हणजे सव्वापाचशे-साडेपाचशे कॅलरी, आणि आपल्याकडे दाणे मोजून कोण खातंय, भाजीत कूट, चटणी वेगळी, वर जेवण झालं की भाजलेले दाणे. काटा का थांबला याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. लो-कार्बमध्ये वजन कमी होतं ते बऱ्याच अंशी भूक कमी लागते म्हणून, प्रोटीन आणि भाजी पोटात असली की माणूस आपोआप कमी खातो, पण वरून तूप ओतत राहिलं तर तो फायदा जातो. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये ६०९ लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, निम्म्यांना लो-फॅट आणि निम्म्यांना लो-कार्ब, दोन्ही गटांना भाज्या भरपूर आणि साखर-मैदा कमी. वर्षाअखेर लो-फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो कमी झालं आणि लो-कार्बवाल्यांचं ६ किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाहीच. ज्याला जे वर्षभर झेपलं त्याचं वजन उतरलं. वजनासाठी लो-कार्ब हा एक रस्ता आहे, एकमेव नाही. शुगरसाठी मात्र कार्ब्स कमी करण्याचा फायदा जेवणानंतरच्या आकड्यात चार दिवसांत दिसतो, तो मी रोज बघते.

आणि डायबेटिस मुळापासून बरा होतो का? हे फार विचारतात, त्यात पैसे उकळणारेही खूप आहेत म्हणून स्पष्ट सांगते. औषध न घेता किमान तीन महिने एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली राहिलं तर त्याला रेमिशन म्हणतात, बरा झाला असं म्हणत नाहीत, कारण वजन परत आलं की शुगर परत येते. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात पहिल्या वर्षाअखेर ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये गेले, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि ज्यांचं १५ किलो किंवा जास्त वजन उतरलं त्यांच्यातले ८६ टक्के गेले. पण त्यांना सुरुवातीचे महिने जे शेक दिले होते ते दिवसाला ८५० कॅलरीच्या आसपास, आणि त्यातल्या जवळपास साठ टक्के कॅलरी कार्ब्समधून होत्या! म्हणजे तिथे काम केलं ते वजन उतरल्याने, लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी गेल्याने. भाकरी हीच शत्रू असती तर हे झालंच नसतं. (हे ८५० कॅलरीचं घरी करून बघू नका, तिथे औषधं थांबवून, डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली केलं होतं.)

आता सासूबाईंचा प्रश्न, ताकद कुठनं येणार. त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही आणि पूर्ण बरोबरही नाही. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं हे खरं, पण ते सगळं भाकरीतूनच यायला पाहिजे असं नाही, लिव्हर प्रोटीन आणि चरबीच्या काही भागापासून ग्लुकोज बनवतं, आणि कार्ब्स फार कमी झाले की मेंदू कीटोन्सही वापरायला लागतो. स्नायूंनाही चरबी जाळायची सवय लागते पण त्याला दोन-तीन आठवडे जातात, त्या काळात चढ चढताना, ओझं उचलताना दम लागतो. छाटणीच्या, नाहीतर औषध मारायच्या दिवसांत हे प्रयोग सुरू करू नयेत असं मी बागायतदारांना सांगते, आणि अंगमेहनतीचं काम असेल त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली तर काही बिघडत नाही, काम ती भाकरी वापरून टाकतं. ऑफिसात बसून काम करणाऱ्याचा तक्ता शेतकऱ्याला लावायचा नसतो.

खरी कमी पडते ती प्रोटीनची. आपल्याकडे किलोमागे ०.८३ ग्रॅम असा हिशोब सांगतात, मिस्टरांच्या वजनाला रोज ७० ग्रॅम झाले. एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ५० ग्रॅम मूगडाळीत १२. जोडून बघा किती होतात. प्रोटीन खाल्लं की किडनी खराब होते असं घाबरवतात, निरोगी किडनीला एवढ्याने काही होत नाही, पण ज्यांची किडनी आधीच कमकुवत आहे त्यांचा हिशोब वेगळा असतो, म्हणून सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. त्याच वेळी कोलेस्टेरॉलही करा आणि तीन महिन्यांनी परत करा. लो-कार्बमध्ये ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) बहुतेकांचे छान खाली येतात, पण काही लोकांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एकदम उसळी मारतं, विशेषतः तूप-लोणी-चीजवर राहणाऱ्यांचं, आणि ते तपासल्याशिवाय कळायचं नाही.

सासूबाईंना हे डाएट देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यांचं वजन ४६ किलो, वय ७१. त्यांना वजन उतरवायचंच नाहीये, या वयात उतरलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, मग पडणं, हाड मोडणं. त्यांची भाकरी राहू द्या, दूध-भाकरी खात असतील तर खाऊ द्या, फक्त चहातली साखर कमी करा, एक वेळचा भात कमी करून त्या जागी मऊ शिजवलेली मुगाची आमटी, अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर दही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, टाइप वन डायबेटिसवाले आणि घरातली मुलं यांनाही कुणाचं बघून लो-कार्बवर टाकायचं नाही.

मिस्टरांसाठी मी काय करेन ते सांगते, गोळीचं डॉक्टरांनी ठरवल्यावर. तीनशेवरून वीसवर न जाता १२०-१३० वर थांबायचं. सकाळी मूगडाळीची दोन धिरडी, सोबत खर्डा नाहीतर कोथिंबिरीची चटणी, चहा बिनसाखरेचा. दुपारी एक भाकरी, तीही जरा लहान, ५० ग्रॅम पिठाची, मोडाच्या मटकीची वाटीभर उसळ, पालेभाजी आणि दुसरी एक भाजी मिळून अर्धं ताट भरेल एवढी, वाटीभर दही. संध्याकाळी भडंगऐवजी एक मूठ दाणे, एकच मूठ. रात्री अर्धी भाकरी, दोन-तीन अंड्यांची पोळी किंवा शंभर ग्रॅम पनीर, परत भाजी. भात आठवड्यातून दोन दिवस, त्या दिवशी भाकरी नाही. कृष्णाकाठची वांगी, दोडका, शेवगा, मेथी, शेपू, गवार एवढं सगळं बाजारात स्वस्त मिळत असताना लोक बदामाच्या पिठाची महागडी भाकरी कशाला करतात मला खरंच कळत नाही. तुम्हालाही वेगळा स्वयंपाक करायला नको, तेच कोरड्यास, तीच उसळ, फक्त कुणाच्या ताटात किती वाढायचं ते बदलायचं. डाळ बंद केलीय ती आजच परत सुरू करा.

आणि एक बारीक गोष्ट. लो-कार्ब चालू असताना सकाळची उपाशीपोटीची शुगर कधीकधी थोडी जास्तच दिसते, रात्रीत लिव्हर ग्लुकोज सोडत असतं म्हणून, तेवढ्यावरून डाएट फसलं असं समजू नका, जेवणानंतरचे आकडे आणि तीन महिन्यांचं एचबीएवनसी बघा. घरात अजून कुणी हे करत असेल आणि त्याला ग्लुकोज पाजून करायची तपासणी सांगितली असेल तर त्याने आधीचे तीन दिवस नेहमीसारखं, म्हणजे दिवसाला १५० ग्रॅम तरी कार्ब्स येतील असं जेवायचं, नाहीतर शुगर नसताना आकडा वाढलेला येऊ शकतो.

आज रात्री मिस्टरांना अर्धी-एक भाकरी, आमटी आणि वांग्याची भाजी वाढा. एका वहीत आठवडाभर सकाळी उपाशीपोटी, अकरा वाजता आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी असे तीन आकडे वेळेसकट लिहा, ज्या दिवशी थरथर आली तो आकडा वेगळा गोल करून ठेवा. फोन आजच करा, आणि डॉक्टर बोलावतील तेव्हा गोळ्यांच्या पट्ट्या आणि ही वही दोन्ही बरोबर न्या, डोस किती कमी करायचा ते त्यांना त्या गोल केलेल्या आकड्यावरूनच ठरवता येईल.